सावजी रश्शात मॅकरोनी

सावजी कोंबडी हे घाईचे काम नाही. धने, खसखस, दगडफूल, सुके खोबरे हे सगळे वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाची करपण्याची वेळ निराळी. मग पाट्यावर वाटण. रस्सा दाट व्हावा म्हणून भाजलेल्या ज्वारीचे पीठ आणि फोडणीला जवसाचे तेल. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांची ही देणगी. पुढे १८७७ साली जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली आणि शहराचा दिवस भोंग्यावर चालू लागला.

आमचे मोमीनपुऱ्यातले घरही विणकरांचेच. धंदा एक म्हटल्यावर मसाला या मोहल्ल्यातून त्या मोहल्ल्यात यायला कितीसा वेळ? कोंबडी हलाल, मसाला सावजी! आई पाट्यावर बसली की तासभर उठत नसे. चवीचे गोडवे गाणारे पुष्कळ असतात, वाटणाऱ्या हातांचे नाव कोणी घेत नाही.

हा रस्सा अस्सल राहिला पाहिजे, असे हल्ली फार ऐकू येते. पण तो एका जागी थांबला कधी? घरातून तो भोजनालयांत गेला, पाट्यावरून मिक्सरमध्ये गेला, शेवटी पुड्यांत शिरला. दर वेळी कोणाच्या तरी कमरेचा भार हलका झाला.

नव्या शतकाच्या सुरुवातीला एम्प्रेस मिल कायमची थांबली. जवळपास त्याच सुमारास, २००२ साली, महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि विमानतळालगत मिहान उभे राहू लागले. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही त्या परिसरातली गावे. नागपूर जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत एकेकाळी ज्वारी आणि जवस भरपूर होत. तेव्हा ही दोन्ही स्वयंपाकघरातून गेली, याचा सगळा दोष सुनांच्या माथी मारू नये.

माझी सून मिहानमधल्या एका कंपनीत पाळीने कामाला जाते. रात्री आठला घरी येणाऱ्या बाईने मसाला कधी भाजायचा? ती रविवारी एकदाच भाजून, वाटून बरणीत भरून ठेवते. आठवड्यात एक दिवस त्याच मसाल्याचा पातळ रस्सा करून कोंबडीची हाडे काढते, अर्धवट उकडलेली मॅकरोनी त्यात घालते, वरून साय आणि चीज पसरून भांडे ओव्हनमध्ये ठेवते. रस्सा पातळच हवा, कारण मॅकरोनी तो पिऊन घेते आणि तिच्यातला स्टार्च ज्वारीच्या पिठाचे काम करतो. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळतो. म्हणून सायीमुळे पोरांच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

काही मंडळींना हे ऐकून धक्का बसतो. त्यांनी वऱ्हाडातले सरगुंडे आठवावेत. कणकेची दोरी काडीभोवती गुंडाळून, काडी काढून घेतलेली ती पोकळ नळी उन्हाळ्यात आमरसाबरोबर खातात. मॅकरोनीची ही सख्खी बहीणच म्हणायची. ईदच्या शेवयांबद्दल तर मी सांगायलाच नको.

इकडे जे घडते आहे ते सातासमुद्रापार आधीच घडून गेले. लुइसा टेट्राझिनी या इटालियन ऑपेरा गायिकेच्या नावाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कोंबडी, अळंबी आणि साय घातलेला एक पास्ता निघाला. थाट सगळा हॉटेलचा. पुढे तिथल्या गृहिणींनी उरलेली कोंबडी आणि डब्यातले सूप घालून तो एका भांड्यात बसवला. गायिका विस्मरणात गेली, पदार्थ घरोघर राहिला.

एका गोष्टीत मात्र सून तडजोड करत नाही. मसाला ती विकतचा आणत नाही. आणि चीज पडण्याआधी रश्शावरची लाल तर्री माझ्यासाठी वाटीत काढून ठेवते. भाकरी तेवढी मला मोमीनपुऱ्यातून न्यावी लागते.