हाताला कळणारा रस्ता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

शर्यतीच्या गाड्यांचा विषय निघाला, की लोक आधी विचारतात, इंजिन किती अश्वशक्तीचं होतं? मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळा हवा. चालकाच्या हाताला रस्ता कळत होता का? आज मी या प्रश्नाचीच एक गोष्ट सांगणार आहे. ती आहे १९३६-३७ सालची, जर्मनीतली.

त्या काळी ग्रां प्री शर्यतीत गाडीच्या वजनावर बंधन होतं. इंधन, तेल आणि टायर सोडून ७५० किलो. इंजिनाच्या आकारावर मात्र बंधन नव्हतं. त्यामुळे मर्सिडीज-बेंझ आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांनी हलक्या सांगाड्यात दांडगी इंजिनं बसवली. यामागे हिटलरच्या सरकारचा पैसा होता आणि प्रचाराचा हेतूही होता. ते विसरून या गाड्यांचं कौतुक करता येत नाही.

१९३५ चं युरोपीय विजेतेपद मर्सिडीजच्या रुडॉल्फ काराचिओलानं मिळवलं. पुढच्या वर्षी कंपनीनं गाडीची लांबी कमी केली, इंजिन आणखी मोठं केलं आणि गणित बिघडलं. गाडी वळणावर ऐकेना. विजेतेपद ऑटो युनियनच्या बर्न्ड रोझमायरकडे गेलं. मर्सिडीजनं तर हंगाम संपण्याआधीच माघार घेतली.

अशा वेळी शर्यत विभागाची तांत्रिक जबाबदारी रुडॉल्फ उलेनहाउट या ३० वर्षांच्या इंजिनिअरकडे आली. शर्यतीत उतरण्याचा त्याला अनुभव नव्हता. पण त्यानं एक साधी गोष्ट केली. कागद बाजूला ठेवले आणि तो स्वतः गाडीत बसला. न्यूरबुर्गरिंगच्या जवळपास २३ किलोमीटरच्या वळणावळणाच्या मार्गावर त्यानं फेऱ्यांमागून फेऱ्या मारल्या. तेव्हा त्याला दोष कळला. स्प्रिंगा फार कडक होत्या आणि सांगाडा फार लवचीक होता.

याचा स्टेअरिंगशी काय संबंध? इस्पितळातल्या ढकलगाडीचं चाक पाहा. ढकललं की ते आपोआप सरळ होतं. मोटारीची पुढची चाकंही अशीच सरळ होऊ पाहतात. म्हणून वळणावर स्टेअरिंग हाताला जड लागतं. टायरची पकड सुटायच्या बेतात आली, की हा जडपणा कमी होऊ लागतो. चालकाला मिळणारा तो इशारा असतो. शर्यतीत त्या क्षणभराच्या इशाऱ्यावर जीव अवलंबून असतो.

आता बैलगाडी आठवा. तिला कमानपाटे नसतात, म्हणून दगड आला की चाक उडतं. कडक स्प्रिंगांच्या गाडीचंही तसंच होतं. चाक जमिनीवर टिकत नाही, मग इशारा तुटक तुटक येतो. त्यात सांगाडाच पिळवटत असेल, तर तोच एक स्प्रिंग बनतो. चाकांचे कोन बदलत राहतात. हाताला जे कळतं, ते रस्त्याचं की वाकणाऱ्या लोखंडाचं, हे चालकाला ओळखू येत नाही.

उलेनहाउटनं उलटा मार्ग धरला. सांगाडा ताठ, स्प्रिंगा मऊ. १९३७ च्या डब्ल्यू १२५ गाडीला लंबगोल पोलादी नळ्यांचा मजबूत सांगाडा मिळाला. पुढे मऊ स्प्रिंगा आल्या. मागची चाकं दे दियाँ पद्धतीच्या आडव्या नळीनं जोडली, त्यामुळे ती वर-खाली होताना तिरपी होईनात. ही कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची, फ्रान्समधली. जुनीच वस्तू, पण योग्य जागी बसली. इंजिन ५.६ लिटरचं, सहाशेच्या आसपास अश्वशक्तीचं होतं हे खरं. पण ती ताकद रस्त्यावर उतरली, ती या बदलांमुळे. त्या वर्षीचं विजेतेपद पुन्हा काराचिओलाचं झालं.

पुढे १९९२ साली विल्यम्स संघाच्या गाडीत संगणक आणि हायड्रॉलिक यंत्रणा गाडीची उंची सांभाळू लागली. नायजेल मॅन्सेलनं त्या यंत्रणेवर विश्वास टाकला आणि ९ शर्यती जिंकून तो जगज्जेता झाला. त्याच गाडीत त्याचा सहकारी रिकार्डो पात्रेसे मात्र तितका रमला नाही. ओळखीचा इशारा हाताला मिळत नव्हता. १९९४ पासून या यंत्रणेवर बंदी आली.

उलेनहाउट १९८९ मध्ये वारला. त्याचा धडा मला आजही मोलाचा वाटतो. यंत्र बनवणाऱ्यानं ते स्वतः चालवून पाहावं. आणि आपल्यासारख्यांसाठीही त्यात एक गोष्ट आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून जाताना स्टेअरिंग एकाएकी हलकं झालं, तर गाडी छान चालली आहे असं समजू नका. टायर पाण्यावर तरंगू लागले आहेत. ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच उचला, स्टेअरिंग सरळ धरा. इशारा मिळाला आहे, तो ऐका.