फ्रेझर नदी आणि एका चुकलेल्या गृहीतकाची गोष्ट

सिनॉप्सिस लिहायला घेतला की बहुतेकांच्या मनात एक भीती असते. दोन-तीन वर्षं राबायचं आणि शेवटी गृहीतकच चुकीचं निघालं तर? मलाही ती होती. ती कमी झाली कॅनडातल्या एका नदीचा इतिहास वाचून. म्हणून आज ती नदीच सांगतो.

आधी नकाशा डोळ्यांसमोर आणा. कॅनडाच्या पश्चिम टोकाला ब्रिटिश कोलंबिया प्रांत आहे आणि त्याच्या पूर्वेला रॉकी पर्वत. तिथे फ्रेझर नदी उगम पावते. समुद्र पश्चिमेला, पण ही निघते वायव्येला, पर्वताच्या कडेने जाणाऱ्या एका लांबलचक दरीतून. आजच्या प्रिन्स जॉर्ज शहराजवळ ती वळसा घेऊन दक्षिणेला लागते. पुढे शेकडो किलोमीटर दक्षिण, मग खोल घळई, आणि होप या गावापाशी अचानक पश्चिमेला वळून व्हँकुव्हरजवळ समुद्रात. एकूण लांबी सुमारे १,३७५ किलोमीटर.

आता शेजारची कोलंबिया नदी बघा. तीही त्याच लांबलचक दरीत, जरा दक्षिणेला उगम पावते. तीही आधी वायव्येला जाते, मग वळसा घेऊन दक्षिणेला येते. फक्त ती पुढे आजच्या अमेरिकेत शिरते आणि बरीच खाली समुद्राला मिळते. दोघींचा आकार इतका सारखा, की अर्धाच प्रवाह पाहिलेल्या माणसाची फसगत होणारच.

तसंच झालं. १७९२ मध्ये रॉबर्ट ग्रे समुद्राकडून कोलंबियाच्या मुखात शिरला, त्यामुळे मुख कुठे आहे हे कळलं होतं. १७९३ मध्ये अलेक्झांडर मॅकेंझी पूर्वेकडून येऊन फ्रेझरच्या वरच्या प्रवाहात उतरला. स्थानिक लोकांनी त्याला बजावलं की ही नदी लांब आहे आणि पुढे फार अवघड आहे. त्याने ऐकलं, नदी सोडली आणि पायवाटेने पश्चिमेचा समुद्र गाठला. पण ही दक्षिणेला जाणारी नदी म्हणजे कोलंबियाच, असा त्याने अंदाज बांधला. नॉर्थ वेस्ट कंपनीला फर समुद्रापर्यंत न्यायला जलमार्ग हवाच होता. त्यामुळे हा अंदाज तिच्या सोयीचाही होता.

२८ मे १८०८ रोजी कंपनीचा सायमन फ्रेझर चार होड्या घेऊन निघाला. घळईत होड्या चालेनात. तिथल्या मूळ रहिवाशांनी कड्यांवर वाटा केल्या होत्या, काठ्यांच्या शिड्या बांधल्या होत्या. त्यांच्याच आधाराने आणि त्यांच्याच वाटाड्यांबरोबर ही मंडळी पुढे सरकली. जुलैच्या सुरुवातीला फ्रेझर मुखाजवळ पोहोचला. तिथले अक्षांश निघाले सुमारे ४९. कोलंबियाचं मुख मात्र साधारण ४६ अंश २० मिनिटांवर. अडीच अंशांहून जास्त फरक, म्हणजे उत्तर-दक्षिण जवळजवळ ३०० किलोमीटर! एवढी चूक मोजमापात होत नाही. ही कोलंबिया नव्हतीच.

फ्रेझरच्या दृष्टीने हे अपयश होतं. नदी वेगळी, शिवाय घळईमुळे व्यापाराला निरुपयोगी. पण आपल्या दृष्टीने? एका वाक्याने नकाशावरची दोन नद्यांची गल्लत संपली. हे घडलं कारण त्याचं गृहीतक तपासता येण्यासारखं होतं. ‘हीच कोलंबिया असेल, तर मुख अमुक अक्षांशावर हवं’, इतकं नेमकं. आणि आकडा विरोधात गेल्यावर त्याने तो मान्य केला, दडवला नाही.

नावांची गंमतही लक्षात ठेवा. फ्रेझरने वाटेतल्या एका उपनदीला सहकारी डेव्हिड थॉम्पसनचं नाव दिलं. थॉम्पसन त्या नदीवर कधी गेलाच नव्हता. पुढे थॉम्पसनने आपल्या नकाशात मोठ्या नदीला फ्रेझरचं नाव दिलं. मात्र खालच्या खोऱ्यातले स्टोलो लोक या नदीच्या नावानेच ओळखले जातात. त्यांच्या भाषेत स्टोलो म्हणजे नदीच. तेव्हा ‘फ्रेझरने नदी शोधली’ असं वाक्य दिसलं, की थांबा आणि विचारा: कोणासाठी शोधली? ज्यांच्या शिड्यांवरून तो चालला, त्यांच्यासाठी तर नक्कीच नाही. प्राथमिक साधन वाचताना लिहिणाऱ्याइतकंच, त्याला वाट दाखवणाऱ्यांकडेही बघायचं असतं.

आता तुमचं काम. सिनॉप्सिसमध्ये गृहीतकाच्या खाली स्वतःसाठी एक ओळ लिहा: ‘कोणता पुरावा मिळाला तर मी हे सोडून देईन?’ ती ओळ लिहिता आली नाही, तर गृहीतक अजून कच्चं आहे. आणि लिहिता आली, तर ते चुकीचं निघालं तरी तुमची वर्षं वाया जाणार नाहीत.