हरलेलें रण आणि परळची साक्ष

मैदान कोणाच्या हातीं राहिलें, हें पाहून लढाईची हारजीत ठरविण्याचा प्रघात आहे. राजाराजांच्या युद्धांना हें माप पुरतें. क्रांतीच्या युद्धाला तें अपुरें पडतें. १७ जून १७७५ रोजीं अमेरिकेंत बॉस्टनजवळ बंकर हिलची लढाई झाली. दारूगोळा संपल्यामुळें वसाहतवाल्यांना टेकडी सोडावी लागली. परंतु ती घेतांना इंग्रजांचे हजारांवर शिपाई ठार वा जखमी झाले. शेतांतून उठून आलेला माणूस कसलेल्या पलटणींपुढें टिकाव धरूं शकतो, हें सर्वांस कळलें, आणि लढा विझण्याऐवजीं भडकला.

हिंदुस्थानांत याच न्यायाचा प्रत्यय आझाद हिंद सेनेनें दिला. १४ एप्रिल १९४४ रोजीं मणिपुरांत मोइरांग येथें तिचा झेंडा फडकला. पण जुलैंत जपानी फौजेबरोबर तिलाही इंफाळच्या आघाडीवरून मागें फिरावें लागलें. पाऊस, उपासमार आणि रोगराई यांनीं माघारींत पुष्कळ बळी घेतले. मे १९४५ मध्यें रंगून पडलें. सावंतवाडीकडील जगन्नाथराव भोसले यांच्यासारखे तिचे सेनानी कैदेंत पडले. लष्करी हिशेबानें प्रकरण येथेंच मिटलें होतें.

तें पुन्हां उघडलें सरकारनेंच. युद्धकाळांत बातम्यांवर नियंत्रण असल्यानें या सेनेची हकीकत लोकांपर्यंत फारशी पोंचली नव्हती. ५ नोव्हेंबर १९४५ पासून लाल किल्ल्यांत खटला चालला, आणि ती साक्षीपुराव्यासह घरोघर गेली. शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल व गुरुबक्षसिंग धिल्लन हे मुसलमान, हिंदु व शीख आरोपी एकत्र उभे केल्यानें ते सर्वच समाजांना आपले वाटले. परतंत्र लोकांनाही स्वातंत्र्यासाठीं युद्ध करण्याचा अधिकार आहे, असा बचाव मुंबईचे भुलाभाई देसाई यांनीं मांडला. न्यायालयानें जन्मठेप सुनावली. सरसेनापति ऑकिन्लेक यांनीं जानेवारी १९४६ मध्यें ती रद्द करून बडतर्फी कायम ठेविली. ज्या फौजेच्या बळावर राज्य उभें होतें, तिच्या मनाचा विचार सरकारला करावा लागला.

१८ फेब्रुवारी १९४६ रोजीं मुंबईंत ‘तलवार’ या नाविक केंद्रावर खलाशांनीं संप पुकारला. निकृष्ट अन्न व अपमानाची वागणूक या तक्रारी होत्याच; पण आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका हीही त्यांची एक मागणी होती. २२ तारखेस त्यांच्या पाठिंब्यासाठीं गिरणगांव बंद पडलें. रस्त्यांवर गोळीबार झाला. परळ महिला संघाच्या कमल दोंदे परळ येथें त्यांत बळी पडल्या. त्या दिवसांत शहरांत दोनशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. वल्लभभाई पटेल यांच्या सल्ल्यानंतर २३ तारखेस खलाशी शरण आले. ही दुसरी हार.

स्वातंत्र्य केवळ या दोन पराभवांमुळें आलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. ब्रिटिश मंत्र्यांच्या शिष्टमंडळाची घोषणा १९ फेब्रुवारीसच झाली होती. पण हिंदी शिपायाच्या निष्ठेवर यापुढें राज्य विसंबूं शकत नाहीं, हें या घटनांनीं उघड केलें. हार आपोआप बळ देत नाहीं. हरलेल्यांची बाजू घेऊन परळच्या गिरणीकामगारांसारखे लोक उभे राहिले, तरच तें येतें. त्याची किंमत मात्र हरलेल्यांनाच मोजावी लागते. १९४७ सालीं कार्य सिद्धीस गेलें. परंतु आझाद हिंदच्या शिपायांना किंवा बडतर्फ खलाशांना स्वतंत्र देशाच्या सैन्यांतही परत घेतलें गेलें नाहीं.