ग्रनाश (द्राक्षाचा वाण)

ग्रनाश (स्पॅनिश नाव: गार्नाचा) हा वाइननिर्मितीसाठी लावला जाणारा काळ्या द्राक्षाचा एक वाण आहे. ईशान्य स्पेनमधील आरागोन हे त्याचे मूळस्थान असावे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. इटलीच्या सार्डिनिया बेटावर तो 'कान्नोनाउ' या नावाने ओळखला जातो व तो मूळचा आपल्याच बेटावरचा, असा तेथील लोकांचा दावा आहे. दक्षिण फ्रान्स आणि ईशान्य स्पेन येथे रोजच्या जेवणासोबत घेतल्या जाणाऱ्या अल्पमोली तांबड्या वाइनचा हा एक प्रमुख आधार होय. शातोनेफ-द्यु-पाप व प्रिओरात येथील महागड्या वाइनही याच वाणापासून होतात. केवळ भरीचे द्राक्ष म्हणून तो दीर्घकाळ उपेक्षित राहिला; त्याच्या अनेक जुन्या वेली त्या काळात उपटल्या गेल्या.

वेलीची लक्षणे

ग्रनाशची वेल जोमदार असून तिचे खोड टणक व फांद्या सरळ वर वाढणाऱ्या असतात. त्यामुळे ती मांडवाशिवाय, छाटून ठेंगण्या झुडुपासारखी वाढवता येते. रोन खोऱ्यातील मिस्त्राल आणि आरागोनमधील सिएर्सो या जोरकस वाऱ्यांत अशी वेल तग धरते. अवर्षण ती चांगले सोसते. मात्र फुलोऱ्याच्या वेळी हवा थंड व दमट राहिल्यास मणीगळ होते, तसेच केवडा रोगालाही ती सहज बळी पडते.

फळ उशिरा पिकते व त्यात साखर भरपूर साठते. परिणामी वाइनमधील मद्यार्काचे प्रमाण अनेकदा 14 टक्क्यांच्या वर जाते. मण्याची साल पातळ असल्याने रंग फिकट व टॅनिन (जिभेला तुरट लागणारे द्रव्य) कमी असते. आम्लताही बेताचीच असते. हवेशी संपर्क आल्यास ही वाइन लवकर तपकिरी पडते. ही उणीव भरून काढण्यासाठी फ्रान्समध्ये तिच्यात बहुधा सिरा व मुर्वेद्र या वाणांची वाइन मिसळतात. वेलीवर घड फार ठेवल्यास चव पाणचट होते; मोजकेच घड धरणाऱ्या जुन्या वेलींची वाइन घट्ट व भरीव लागते. एकाच वाणाविषयी परस्परविरुद्ध मते का आढळतात, याचे उत्तर बव्हंशी या फरकात आहे.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायलोक्सेरा या कीटकाने फ्रान्समधील द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. त्यानंतर अमेरिकन खुंटावर कलमे बांधून मळे पुन्हा उभारण्यात आले. दक्षिणेत त्या वेळी भरपूर पीक देणाऱ्या ग्रनाशला पसंती मिळाली. स्वस्त मिश्रणांत तिचा मुक्त वापर झाल्याने तिचे उत्पादन वाढले, पण प्रतिष्ठा घटली.

स्पेनमध्येही असेच घडले. रिओहात तेंप्रानिल्यो या वाणाने गार्नाचाची जागा मोठ्या प्रमाणावर घेतली. 1988 पासून युरोपीय समुदायाने अतिरिक्त उत्पादनावर उपाय म्हणून द्राक्षमळे कायमचे मोडणाऱ्यांना अनुदान दिले. कमी उत्पन्न देणाऱ्या, डोंगरउतारावरच्या जुन्या वेली तोडणे शेतकऱ्याला साहजिकच फायद्याचे वाटले.

याच सुमारास कातालोनियातील प्रिओरात येथे रने बार्बिये, आल्व्हारो पालासिओस व त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या वेलींपासून उत्तम वाइन तयार करण्याचा प्रयत्न आरंभला. त्यांच्या 1989 च्या हंगामातील वाइनने या वाणाकडे जगाचे लक्ष वेधले. सप्टेंबरमधील तिसरा शुक्रवार आता आंतरराष्ट्रीय ग्रनाश दिन म्हणून पाळला जातो.

फ्रान्समधील वाइन

कोत द्यु रोन या नियंत्रित नामाला 1937 साली मान्यता मिळाली. त्याची श्रेणी चढती आहे: प्रथम साधी 'कोत द्यु रोन', मग 'कोत द्यु रोन व्हिलाज', त्यानंतर ज्यांना आपले नाव जोडण्याची मुभा आहे अशी गावे, आणि शेवटी स्वतंत्र नामाची गावे. जिगोंदासला 1971 मध्ये व वाकेरासला 1990 मध्ये असा स्वतंत्र दर्जा मिळाला. ताव्हेल येथील गुलाबी वाइन आणि बान्युल्स येथील गोड वाइन यांतही ग्रनाशच प्रमुख असते.

स्पेनमधील वाइन

आरागोनमधील कांपो दे बोर्हा, कालातायूद व कारिन्येना हे गार्नाचाचे महत्त्वाचे प्रदेश आहेत. येथे सहकारी वाइनगृहांचे प्राबल्य आहे. प्रदेशाचे नाव रिओहाइतके गाजलेले नसल्याने जुन्या वेलींची वाइनही येथे माफक दरात मिळते. नाव्हारातील गुलाबी वाइन पूर्वीपासून प्रसिद्ध आहे.

लेबलावरील शब्द

रिओहातील तांबडी वाइन 'क्रिआन्सा' म्हणवण्यासाठी किमान दोन वर्षे मुरावी लागते व त्यातील किमान एक वर्ष ओकच्या पिंपात जावे लागते. स्पेनच्या इतर प्रदेशांत पिंपातील किमान मुदत सर्वसाधारणपणे सहा महिने असते. रिओहात 'रेसेर्वा'साठी तीन व 'ग्रान रेसेर्वा'साठी पाच वर्षांची मुदत आहे. हे शब्द मुरवणीचा काळ सांगतात, द्राक्षाची प्रत नव्हे. 'जुन्या वेली' या अर्थाच्या फ्रेंच व स्पॅनिश शब्दांना तर या दोन्ही देशांत सर्वत्र लागू होणारी वयाची कायदेशीर व्याख्याच नाही. त्यामुळे केवळ त्या शब्दांवर विसंबून अधिक किंमत मोजणे शहाणपणाचे नाही.

भोजनासोबत आस्वादन

घरी तुलना करावयाची असल्यास साधी कोत द्यु रोन व आरागोनमधील एखादी गार्नाचा या दोन बाटल्या पुरेशा असतात. बाटल्या कागदात गुंडाळून ठेवल्यास किंमत व नाव यांचा मनावर परिणाम होत नाही. तापमान 15 ते 17 अंश सेल्सिअस असावे. उष्ण हवेत बाटली आधी अर्धा तास शीतकपाटात ठेवावी, एरवी मद्यार्काचा उग्रपणा पुढे येतो. प्रथम पांढऱ्या कागदावर रंग पाहावा, मग वास घ्यावा, मग घोट. स्ट्रॉबेरी-रास्पबेरीचा गंध व पांढऱ्या मिरीची छटा ही या वाणाची ओळख. तीच वाइन जेवणापूर्वी आणि जेवणासोबत अशी दोनदा चाखल्यास फरक स्पष्ट कळतो.

टॅनिन कमी असल्याने ही वाइन भाजलेले कोकराचे मांस, मंद आचेवर शिजवलेले रस्से, वांगी-टोमॅटोची रातातुई, पाप्रिका घातलेले सॉसेज यांसोबत चांगली लागते. मद्यार्कामुळे मिरचीची जळजळ वाढते, म्हणून फार तिखट पदार्थ टाळणे बरे. 750 मिलिलिटरच्या, 14 टक्के मद्यार्क असलेल्या एका बाटलीत सुमारे 83 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. म्हणून चाखण्यासाठी 50 मिलिलिटरचा पेला पुरे. उरलेली वाइन बूच लावून शीतकपाटात ठेवावी व दोन दिवसांत संपवावी.

हे सुद्धा पहा

वाइन
द्राक्ष
रोन नदी
रिओहा