धूळपाटीपासून लॅपटॉपपर्यंत

दिवाळीची साफसफाई काढली, की आमच्या माळ्यावरून दरवर्षी काही ना काही जुनेपुराणे खाली येते. गेल्या वर्षी माझ्या वडिलांची दगडी पाटी आली. तिचा एक कोपरा उडालेला होता आणि लाकडी चौकट काळवंडली होती. पण ओल्या फडक्याने पुसताच अशी स्वच्छ झाली, की जणू आजच दुकानातून आणली. आमची धाकटी त्याच जूनमध्ये आठवीत गेली होती; म्हणजे तिचे हायस्कूल सुरू झाले होते. तिने पाटी उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, "बाबा, ही घ्यायच्या आधी आजोबांसाठी किती दुकानं पालथी घातली होती?"

प्रश्नातला टोमणा मला समजला. जूनपासून मी तिच्यासाठी लॅपटॉप पाहात होतो आणि दिवाळी आली तरी पाहातच होतो. प्रत्येक दुकानात नवा शब्द कानांवर पडे, प्रत्येक स्नेही नवा सल्ला देई आणि माझ्या वहीत आकड्यांची आणखी एक ओळ वाढे. खरे सांगायचे तर अडचण आकड्यांची नव्हती. या बाबतीत मी पूर्वी एकदा चुकलो होतो. आणि घरातले कोणी बोलून दाखवीत नसले, तरी ती चूक सर्वांना आठवत होती. मी मास्तर माणूस. एखादी गोष्ट ठरवता येईना, की तिचा इतिहास वाचायला घेतो. त्या सुटीत तेच केले. आणि गंमत अशी, की लॅपटॉपचा इतिहास शोधता शोधता मी पुन्हा पाटीपाशीच येऊन पोहोचलो.

दगडी पाटीच्याही आधी आपल्याकडे धूळपाटी होती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढायचे, चुकले की हाताने धूळ सारखी करायची. 'धुळाक्षरे' हा शब्द तिथलाच. या साधनाला मोल जवळजवळ नव्हते, म्हणून मोडण्याचे भय नव्हते. आणि चूक पुसता येत होती, म्हणून चुकण्याचेही भय नव्हते.

१७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातल्या मुलग्यांच्या अनाथालयाचा कारभार अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आला. एका देशी शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत आपल्या शाळेत आणायचे ठरवले. तिथल्या शिक्षकांना ती काही रुचेना. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या विद्यार्थ्याला पुढे केले आणि मुळाक्षरांचा वर्ग त्याच्या स्वाधीन केला. जे मोठ्यांना जमले नाही, ते त्या पोराला जमले. पुढे बेल मायदेशी परतला, १७९७ साली त्याने आपल्या प्रयोगाची हकिकत लंडनमध्ये छापली, आणि मुलांनी मुलांना शिकवण्याची ही रीत 'मद्रास पद्धती' या नावाने इंग्लंडात गाजली. तिथल्या गरिबांच्या शाळांतूनही लेकरे वाळूत अक्षरे काढू लागली. पुढे वाळूची जागा दगडी पाटीने घेतली.

आता मध्ये पावणेदोनशे वर्षे जाऊ द्या. १९६८ साल. संगणक तेव्हा कपाटाएवढा असे आणि तो सरकारने, विद्यापीठाने किंवा बड्या कंपनीने बाळगायचा असे. अशा काळात ॲलन के नावाचा एक तरुण अमेरिकन संशोधक सीमोर पॅपर्ट यांचे काम पाहायला गेला. पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आदल्याच वर्षी 'लोगो' ही मुलांसाठी संगणकाची भाषा तयार केली होती. लहान मुले संगणकाला आज्ञा देत आहेत, चुकत आहेत, दुरुस्त करीत आहेत, हे के याने पाहिले. आणि त्याच्या मनात आले, की संगणक ही मुलाच्या हातात राहणारी वस्तू असली पाहिजे. त्याने पुठ्ठ्याची एक प्रतिकृती करून पाहिली. १९७२ साली त्याने या कल्पनेवर निबंध लिहिला. त्या यंत्राला त्याने 'डायनाबुक' असे नाव दिले होते. आकार वहीएवढा, वजन चार पौंडांहून कमी, म्हणजे सुमारे एक किलो आठशे ग्रॅम, आणि किंमत पाचशे डॉलरांच्या आत, अशा त्याच्या अटी होत्या. निबंधाच्या आरंभीच नऊ वर्षांची दोन मुले हिरवळीवर बसून या यंत्रावर खेळताना दाखवली आहेत.

म्हणजे वाचकहो, मुलांच्या हाती मोठ्यांचे यंत्र आले, अशी आपली जी समजूत असते, ती पुरी खरी नाही. लॅपटॉपचे पहिले स्वप्न मुलांसाठीच पडले होते.

डायनाबुक त्या रूपात कधी झाले नाही. परंतु त्याच प्रयोगशाळेत १९७३ साली तयार झालेल्या 'आल्टो' या मोठ्या संगणकावर के आणि त्याच्या सहकारी ॲडेल गोल्डबर्ग यांनी जवळच्या शाळेतल्या मुलांना शिकवायला घेतले. त्यांनी १९७७ साली लिहिलेल्या लेखात बारा वर्षांच्या एका मुलीची हकिकत आहे. तिने पूर्वी कधी संगणकाला आज्ञा लिहिल्या नव्हत्या. पडद्यावर चित्र काढता आले पाहिजे असे तिला वाटले, आणि तिने त्याचे साधन स्वतःच लिहून काढले. पुढे तिने स्वतःचा वर्ग घेतला. तिचे विद्यार्थी सातवीतले होते. हे वाचताना मला एग्मोरचा तो आठ वर्षांचा मास्तर आठवला. एकाच्या हाती वाळू, दुसरीच्या हाती आल्टो. पण आपल्याला आलेले दुसऱ्याला शिकवावे असे दोघांनाही वाटले, आणि त्या त्या वेळच्या मोठ्यांनी त्यांच्या हातून साधन काढून घेतले नाही.

यापुढे मात्र मुलांचे स्वप्न मोठ्यांच्या बाजारात गेले. १९८१ साली 'ऑस्बर्न १' हा बरोबर नेण्याजोगा संगणक निघाला. वजन सुमारे अकरा किलो, पडदा पाच इंचांचा, किंमत १७९५ डॉलर. पुढच्याच वर्षी 'ग्रिड कंपास' आला. पडदा बिजागरीवर मिटून कळफलकावर बसतो, ही आज प्रत्येक लॅपटॉपची असलेली ठेवण बिल मॉगरिज या रचनाकाराने त्यात दिली. पण त्याची किंमत आठ हजार डॉलरांच्या वर होती. तो शाळकरी मुलांसाठी नव्हताच. दप्तरापर्यंत लॅपटॉप यायला आणखी काही वर्षे लागली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मेथडिस्ट लेडीज कॉलेज या मुलींच्या शाळेने १९९० साली पाचवीच्या वर्गापासून प्रत्येकीजवळ स्वतःचा लॅपटॉप असावा अशी रीत सुरू केली. २००२ साली अमेरिकेतल्या मेन राज्याने सरकारी शाळांतल्या सातवीच्या सर्व मुलांना लॅपटॉप दिले.

मग २००५ साली निकोलस नेग्रोपाँटे यांनी गरीब देशांतल्या प्रत्येक मुलाला शंभर डॉलरांचा लॅपटॉप देण्याची योजना जाहीर केली. यंत्र खरोखर मुलांसाठी घडवलेले होते. रंग हिरवा-पांढरा, वजन दीड किलोच्या आत, कळफलक रबरी आणि धूळपाणी आत न शिरेल असा, पडदा भर उन्हातही वाचता येईल असा. किंमत मात्र दोनशे डॉलरांच्या घरात गेली. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली या योजनेला नकार दिला. तरीही २००७ साली तिचा एक छोटा प्रयोग आपल्या रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या प्राथमिक शाळेत झाला. धनगरवाड्यातल्या पोरांच्या हाती ती हिरवी यंत्रे आली.

याच योजनेतली लक्षावधी यंत्रे पेरू देशाने घेतली. तिथल्या खेड्यांतल्या ३१९ शाळांची पाहणी होऊन २०१२ साली तिचा निष्कर्ष छापला गेला. गणितात किंवा भाषेत मुलांचे गुण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. एवढे वाचून 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो!' असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. मी मात्र एका बारीक गोष्टीपाशी थांबलो. यंत्रे मुलांनी घरी न्यावीत असे योजनेत होते. प्रत्यक्षात निम्म्याहून कमी मुले ती घरी नेत होती. मोडेल, हरवेल, मग भरून कोण देणार, या धास्तीने मोठ्यांनी ती जपून ठेवली होती.

हे वाक्य वाचले आणि मी पुस्तक मिटले. कारण माझी चूक हीच होती.

थोरला आठवीत असताना मी पतपेढीचे कर्ज काढून त्याला लॅपटॉप घेतला होता. दुकानातला सर्वांत भारी घेतला. 'पुढे दहा वर्षे पाहायला नको' हा हिशेब. घरी आणला, त्याची पूजा केली आणि कपाटात ठेवला. किल्ली माझ्याजवळ. रविवारी एक तास, तोही मी शेजारी बसलेला. "हळू दाब", "ते उघडू नकोस", "बिघडलं तर हप्ते कोण भरणार?" असे माझे चाललेले असे. पोरगा आरंभी रविवारची वाट पाही. मग वाट पाहिनासा झाला. तो अकरावीत गेला तेव्हा मी मोठ्या औदार्याने किल्ली त्याच्या हाती दिली. बॅटरीने तोवर मान टाकली होती, आणि त्याची हौसही मावळली होती. लॅपटॉप अगदी नव्यासारखा होता. एक ओरखडा म्हणून नव्हता.

तेव्हा धाकटीसाठी निवड करताना मी वहीतले जुने आकडे खोडले आणि एकच प्रश्न लिहिला: 'हा तिच्या हाती सोपवताना माझा हात कचरेल का?' त्याच्या उत्तरात बाकीचे बरेचसे आपोआप बसले. किंमत माझ्या एका पगारात बसेल अशी, कर्ज नको. वजन दीड किलोच्या आसपास, कारण दप्तरात पुस्तकेही असतात. पडदा चौदा इंचांचा, बिजागरी घट्ट, कळफलक सगळी बोटे सुखाने बसतील असा. शाळेच्या कामाला आठ जीबी स्मृती आणि २५६ जीबीचा एसएसडी पुरेसा आहे, असे मला दोघातिघा जाणत्यांनी सांगितले. दुरुस्ती आमच्याच गावात व्हावी. एका स्नेह्याने जुना लॅपटॉप स्वस्तात देऊ केला होता. पण तो विंडोज १० पुढे जाणारा नव्हता, आणि त्या प्रणालीला नित्याची सुरक्षा-दुरुस्ती देणे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, म्हणून नको म्हटले. मराठी लिहिता यावे ही माझी हौस. पण १९९१ साली निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला त्यात जागा आहे, त्यामुळे आता कोणत्याही लॅपटॉपवर ती सोय असते. फक्त दुकानातच सुरू करून घ्यावी.

कपाटाची किल्ली मात्र नव्हती. त्याऐवजी दोनच नियम ठेवले. लॅपटॉप बाहेरच्या खोलीत वापरायचा, आणि रात्री दहाला मिटायचा. हे नियम यंत्र जपण्यासाठी नव्हते, मुलगी जपण्यासाठी होते.

त्याला आता वर्ष होत आले. झाकणावर दोन ओरखडे आहेत. एकदा त्यावर चहा सांडला. सौभाग्यवतींनी श्वास रोखून माझ्याकडे पाहिले, मी लॅपटॉप झटकन बंद करून उलटा ठेवला, आणि दोन दिवसांनी तो पुन्हा सुरू झाला. मुलीचे गुण वाढले का, असे विचाराल तर सांगण्यासारखे काही नाही. पण रविवारी सकाळी शेजारची दोन पोरे आमच्याकडे येतात, आणि संगणकाला आज्ञा देऊन पडद्यावर चौकोन कसा काढावा, हे ती त्यांना शिकवते. पोरे चुकतात, ती पुसायला लावते.

गणपतीत थोरला नोकरीच्या गावाहून घरी आला होता. बराच वेळ तो दारात उभा राहून हा वर्ग पाहात होता. मग मला म्हणाला, "हिचं बरं आहे, बाबा."

मी काही बोललो नाही. वर्ग सुटल्यावर त्याने आजोबांची पाटी फळीवरून काढली आणि तिची सुटलेली चौकट दोन खिळे ठोकून घट्ट करून दिली.