जळीत रुग्णांतील रक्त गोठण्याचे विकार व जखमा भरून येणे : महाराष्ट्रातील उपचारांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

भाजणे म्हणजे कातडीची इजा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वैद्यकशास्त्रातही दीर्घकाळ हीच दृष्टी प्रबळ होती. परंतु शरीराचा सुमारे २० टक्क्यांहून अधिक भाग भाजला की आजार त्वचेपुरता राहत नाही. तो रक्ताचा आजार बनतो. प्रस्तुत लेखात हे ज्ञान कसे विकसित झाले आणि महाराष्ट्रातील रुग्णालयांनी आपल्या साधनांनिशी त्यास कोणता प्रतिसाद दिला, याचा विचार केला आहे.

रक्त आणि जखम

१९५३ मध्ये बर्मिंगहॅम येथील शल्यचिकित्सक डग्लस जॅक्सन यांनी भाजलेल्या जखमेचे तीन भाग वर्णिले. मध्यभागी पूर्णपणे मृत झालेला भाग, त्याभोवती रक्तप्रवाह मंदावलेला भाग व सर्वांत बाहेर लालसर भाग. यांपैकी मधल्या भागाचे महत्त्व विशेष आहे. तेथील केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या अडकल्या की पहिल्या एकदोन दिवसांत जिवंत त्वचाही मरते आणि उथळ जखम खोल होते. मोठ्या जळीतात हीच प्रक्रिया सर्व शरीरात घडू शकते. इजा झालेल्या ऊतींतून रक्त गोठविणारे घटक सुटतात, तर गोठणे आवरणारी अँटीथ्रॉम्बिन व प्रोटीन-सी ही प्रथिने घटतात. रक्तबिंबिकांची संख्या पहिल्या काही दिवसांत उतरते व पुढे दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात नेहमीपेक्षाही वाढते. त्यामुळे एकाच रुग्णास प्रारंभी रक्तस्रावाचा, तर नंतर शिरांतील गुठळ्यांचा धोका संभवतो. उपचारही येथे अडचण निर्माण करतात. प्राण वाचविण्यासाठी शिरेतून दिलेल्या द्रवाने रक्त पातळ होते. कातडी गेल्याने शरीर थंड पडते आणि थंड रक्त नीट गोठत नाही.

गोठणे ही मात्र केवळ आपत्ती नव्हे. रोपण केलेली त्वचा पहिले काही दिवस जखमेला धरून राहते ती फायब्रिनच्या जाळ्यामुळेच. स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग झाल्यास ते हे जाळे विरघळवितात व रोपण निसटते. जंतूंना दूर ठेवणे व जखम लवकर झाकणे यांवर पुढील सर्व प्रयत्नांचा भर का राहिला, हे यावरून ध्यानात येते.

बटाट्याची साल व मध

१९६८ पासून सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम जगभर रूढ झाले. १९७० मध्ये झोरा यान्झेकोविच यांनी मृत त्वचा लवकर खरवडून काढून लगेच रोपण करण्याची पद्धत मांडली. ही पद्धत गुणकारी असली तरी खर्चिक होय. तीत रक्तस्राव मोठा होतो, म्हणजे रक्तपेढी हवी. आणि झाकण्यासाठी त्वचाही हवी. रुग्णाचे अर्धे अंग भाजले असल्यास ती आणावी कोठून?

मुंबईच्या परळ येथील बाई जेरबाई वाडिया बाल रुग्णालयात डॉ. मनोहर केसवानी यांनी या प्रश्नाचे अत्यंत घरगुती उत्तर शोधले. उकडलेल्या बटाट्याच्या साली पट्टीवर बसवून व निर्जंतुक करून त्यांनी त्या जखमांवर वापरल्या आणि १९८५ मध्ये त्यांवरील प्राथमिक निबंध प्रसिद्ध केला. साल जंतू मारीत नाही; ती जखमेचा ओलावा टिकवते आणि काढताना नव्या त्वचेस ओरबाडत नाही. गरीब रुग्णांच्या दृष्टीने तिचे मोल कोणत्याही आयात पट्टीहून कमी नव्हते.

सोलापूर येथे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी मधाचा अभ्यास केला. १९९१ च्या त्यांच्या निबंधात उथळ जळीताच्या १०४ रुग्णांपैकी निम्म्यांवर मध व निम्म्यांवर सिल्व्हर सल्फाडायझिन वापरले होते. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के, तर दुसऱ्या गटातील केवळ ७ टक्के रुग्णांच्या जखमा जंतुविरहित झाल्या. १९९६ च्या अभ्यासात त्यांनी मधाची तुलना थेट बटाट्याच्या सालीशी केली व मध सरस ठरला. फरक इतका मोठा आहे की वाचक थबकतो. नंतरच्या समीक्षकांनीही मधास अनुकूल मत दिले, मात्र पुराव्याचा बराचसा भाग एकाच अभ्यासकाकडून आल्याची नोंद केली. शिवाय हे निष्कर्ष उथळ जखमांचे आहेत; खोल जळीतास मध पुरत नाही.

त्वचापेढी

खोल व विस्तृत जळीतासाठी मृत दात्याची त्वचा हाच मार्ग उरतो. परकी त्वचा शरीर कायम स्वीकारत नाही, हे गिब्सन व मेडावर यांनी १९४३ मध्येच दाखविले होते; तथापि काही आठवडे ती जखम झाकते, द्रव व उष्णता रोखते आणि रक्ताचे बिघडलेले गणित सावरण्यास अवधी देते. भारतातील पहिली त्वचापेढी २००० मध्ये शीव येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांच्या पुढाकाराने सुरू झाली. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात ऊतींचा स्पष्ट समावेश मात्र २०११ च्या दुरुस्तीने झाला. म्हणजे संस्था आधी उभी राहिली व कायदा मागाहून आला.

या साऱ्या घडामोडी बहुतांशी मुंबईभोवती घडल्या. मोताळा तालुक्यातील धामणगाव बढे येथे भाजलेल्या रुग्णास प्रथम बुलढाणा व पुढे अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते. अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयदेखील २००२ मधील होय. जखम खोल होते ती नेमकी पहिल्या एकदोन दिवसांत, आणि त्यांतील मोलाचे तास प्रवासात जातात. दात्याची त्वचा मृत्यूनंतर सहा तासांच्या आत काढावी लागते. रक्तगट जुळविण्याची गरज नसते. ग्लिसरॉलमध्ये ४ ते ८ अंश सेल्सिअस तापमानास ठेवल्यास ती पाच वर्षांपर्यंत टिकते. जो प्रवास रुग्णास झेपत नाही, तो शीतपेटीतील त्वचेस झेपतो.