जरीकाम केलेली शिळाछाप चित्रे

छापील देवदेवतांच्या व पौराणिक चित्रांवर कापड, जर, टिकल्या आणि मणी लावून केलेली सजावट. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती घरोघरी, मुख्यतः स्त्रिया, हौसेने करीत.

अशी चित्रे छापणारा, चित्रकार राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथील शिळामुद्रणात प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. चेहऱ्यावरची सावली म्हणजे रंगाचे बारीक ठिपके : दाट ठिपक्यांनी गडद छटा, विरळ ठिपक्यांनी फिकी.

सजावट करताना चेहरा, हात व पाय बहुधा छापील ठेवत. साडी, दागिने आणि मुकुट झाकले जात. त्यामुळे एकाच चौकटीत छटेच्या दोन रीती येतात. छापील सावली जागची हलत नाही. जर मात्र उजेडाच्या दिशेनुसार उजळते किंवा काळवंडते. कागदात टाके फार जवळ घेतले तर तो फाटतो, म्हणून काही भाग टाचत, काही खळीने चिकटवत.

कापडाला कागदाची ही अडचण नाही; टाक्यांची खरी मोकळीक गोधडीत. पिंपळगाव बसवंतसह नाशिक जिल्ह्याच्या ग्रामीण भागाला परिचित असलेल्या या प्रकारात जुन्या लुगड्यांचे थर धावदोऱ्याने शिवतात. कडेपासून आत सरकणाऱ्या ओळींनी कापडाला उंचसखलपणा येतो आणि एकरंगी तुकड्यावरही छायाप्रकाशाची नक्षी दिसते. संग्रहालयांनी या चित्रांइतकी गोधडीची दखल घेतली नाही, हे अन्यायाचेच.